वणव्यामागचा इतिहास

श्रोतेहो, नमस्कार. वणव्याची बातमी कानावर आली की आपण पहिल्यांदा विचारतो, आग लावली कुणी? हा प्रश्न चुकीचा नाही. पण ठिणग्या जंगलात नेहमीच पडत असतात, कधी विजेमुळे, कधी माणसाच्या हातून, आणि त्यांपैकी बहुतेक जागच्या जागी विझून जातात. एखादीच ठिणगी हजारो हेक्टर जंगल का गिळते, याचे उत्तर हवामान, जळण आणि त्या जंगलावर पूर्वी काय गुदरले आहे, या तिन्हींच्या मेळात शोधावे लागते. त्यांतल्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून आज तिच्याविषयीच अधिक बोलावे असे मला वाटते.

आधी हवामान. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढे बाष्प मिळाले नाही तर ही तहानलेली हवा पाचोळ्यातला, मातीतला आणि जिवंत पानांतलासुद्धा ओलावा ओढून घेते. मात्र सगळे जळण एकाच वेगाने वाळत नाही. वाळके गवत आणि बारीक काड्या हवेतला बदल तासाभरात टिपतात. जाड ओंडक्यांना त्यासाठी चाळीसेक दिवस लागतात. म्हणूनच एका दुपारच्या उष्ण वाऱ्याने पाचोळा पेटू शकतो, पण ओंडक्यांसकट सारे जंगल धगधगायचे तर त्यामागे दीर्घ अवर्षण असावे लागते.

कोरडे वर्ष म्हणजे वणव्यांचे वर्ष, हेही सर्वत्र खरे नाही. विरळ गवताळ प्रदेशात कोरडेपणा नेहमीचाच असतो, कमी असते ते जळण. तिथे चांगल्या पावसाने गवत माजले की त्यानंतरच्या उन्हाळ्यात आगी वाढतात. दाट, ओलसर जंगलात जळण बारमाही असते आणि आग वाट पाहते ती ते वाळण्याची.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पाँडेरोसा पाइनच्या जुन्या खोडांचे छेद पाहिले, तर वाढीच्या वलयांमध्ये आगीचे व्रण ओळीने दिसतात. अनेक ठिकाणी दर पाच ते पंचवीस वर्षांनी एक. या आगी जमिनीलगत सरकत, पाचोळा आणि कोवळी रोपे जाळत, आणि जाड सालीची मोठी झाडे तगून राहत. त्यांतल्या कित्येक आगी तिथले मूळ रहिवासी जाणीवपूर्वक लावत असत. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले, आणि त्या धक्क्यातून आगीला थाराच द्यायचा नाही हे धोरण घट्ट झाले. १९३५ मध्ये तर दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचा नियम झाला. ज्यांनी जीव धोक्यात घालून तो पाळला त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण विझवलेल्या प्रत्येक आगीबरोबर न जळलेला पाचोळा साठत गेला, मोठ्या झाडांखाली लहान झाडांची दाटी झाली, आणि या दाटीची शिडी करून ज्वाळा थेट शेंड्यांपर्यंत चढू लागल्या.

हाच न्याय सगळ्या जंगलांना लावणे मात्र घाईचे ठरेल. यलोस्टोनमधील लॉजपोल पाइनचे जंगल मुळातच शंभर ते तीनशे वर्षांतून एकदा भडकून जळणारे आहे. १९८८ मध्ये त्या उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला, त्याचे मुख्य कारण तीव्र अवर्षण आणि जोराचे वारे हे होते. या पाइनची राळेने बंद झालेली फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात, त्यामुळे जळालेल्या उतारांवर दाट रोपे उगवून आली.

ॲमेझॉनमध्ये चित्र उलटे दिसते. तिथल्या झाडांची साल पातळ असते, कारण त्या जंगलाला आगीची सवयच नाही. वृक्षतोडीने छत्र विरळ झाले की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि पाचोळा वाळतो. पहिली आग जेमतेम गुडघाभर उंचीची असली तरी पुष्कळ झाडे मारून जाते, छत्र आणखी उघडते, गवत शिरते आणि दुसरी आग पहिलीपेक्षा उग्र होते. पाँडेरोसाच्या जंगलात मागची आग पुढच्या आगीला लगाम घालते. इथे तीच तिला वाट करून देते.

आणि जिथे लगाम होता तिथेही तो आता ढिला पडत आहे. आगीनंतर उगवलेले तरुण जंगल काही दशके सहसा पेटत नाही, असा यलोस्टोनमधला जुना अनुभव होता. २०१६ च्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्यात १९८८ नंतर उगवलेले, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे जंगल पुन्हा जळाले. काही ठिकाणी ती आग इतकी प्रखर होती की पडलेले जुने ओंडकेही पुरते जळून गेले आणि जमिनीवर त्यांचे केवळ फिकट ठसे उरले. तिथे नव्याने उगवलेल्या रोपांची संख्या १९८८ नंतरच्या तुलनेत कितीतरी कमी भरली.