सड्यावरची चित्रे कोणी कोरली?

श्रोतेहो, नमस्कार.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळा सरता सरता फुले पाहायला जाणारे पुष्कळजण पठाराच्या कुशीतली पांडवदऱ्याची लेणीही पाहून येतात. ती बौद्ध लेणी आहेत, असे अभ्यासक सांगतात, पण नावात मात्र पांडवच राहिले आहेत. खऱ्या कारागिराचे नाव काळाच्या ओघात पुसले गेले की त्याचे श्रम पांडवांच्या खात्यावर जमा करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. घाटाखाली कोकणात, राजापूरपासून मालवणपर्यंतच्या उघड्या सड्यांवर जी प्रचंड चित्रे कोरलेली आहेत, त्यांच्याबाबतीतही हेच घडले. त्या कातळशिल्पांविषयी आणि ती कोरणाऱ्या अनाम माणसांविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

कोल्हापुराहून मलकापूरमार्गे अणुस्कुऱ्याचा घाट उतरला की आपण राजापूर तालुक्यात येतो. तिथले सडे म्हणजे जांभ्या दगडाची सपाट, काळपट पडलेली, झाडाचा आडोसा नसलेली विस्तीर्ण पठारे. भर दुपारी गेलात तर पायाखाली चित्र आहे हे कळतही नाही. ऊन तिरपे झाले, रेषांच्या कडांना सावली धरली, की मग कातळातून एकेक आकार वर येऊ लागतो. कशेळीच्या सड्यावर असाच एक हत्ती आहे. त्याची लांबी सुमारे १८ मीटर, म्हणजे कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीएवढी असेल, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राणी, पक्षी, मासे अशी कितीतरी लहान चित्रे सामावलेली आहेत. एवढा मोठा आकार जमिनीवर उभे राहून एका नजरेत पुरता मावत नाही. तरीही हत्तीची पाठ आणि सोंड यांचे प्रमाण कोरणाऱ्याने सांभाळले आहे, हे मला त्या चित्राचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

बारसूच्या सड्यावर एक पुरुषाकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघ कोरलेले आहेत. दोन पशूंच्या मधोमध उभा असलेला माणूस सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसतो, म्हणून या दोहोंचा संबंध असावा, असा एक तर्क मांडला जातो. मला तो घाईचा वाटतो. वाघाच्या भीतीत जगणाऱ्या कोणत्याही समाजाला आपला वीर वाघांच्या मध्ये उभा करावासा वाटेल, आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या संस्कृतीकडून कल्पना उसनी घेण्याची गरज नाही.

या चित्रांचा काळ ठरवणे इतके अवघड का, हे समजण्यासाठी कोल्हापुरातल्या आपल्या ब्रह्मपुरीची आठवण करावी. पंचगंगेच्या काठावरच्या त्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा मातीचे थर एकाखाली एक उलगडले आणि सातवाहनकालीन नगर उजेडात आले. त्याच टेकडीने दिलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आपण पाहिली असेल. तिथे मातीने साक्ष दिली. सड्यावर मात्र थर लागायला मातीच नाही, आणि कार्बन पद्धतीने काळ काढायचा तर लाकूड, कोळसा, हाड असे काही सेंद्रिय हाती लागावे लागते; नुसत्या कोरलेल्या रेषेचे वय ती पद्धत सांगू शकत नाही. त्यामुळे अभ्यासक चित्रांतल्या विषयांकडे पाहतात. तिथे शेतीची दृश्ये नाहीत. मासे आहेत, रानातले पशू आहेत, आणि आज कोकणात कुठेही न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्याच्या आकृतीही आहेत. यावरून हे शिकार करून आणि मासे धरून जगणाऱ्यांचे काम असावे आणि त्यातली सर्वांत जुनी चित्रे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. हा अंदाज आहे, पण चित्रांकडे बारकाईने पाहून केलेला अंदाज आहे.

याउलट परग्रहवासीयांची गोष्ट आहे. पेरू देशातल्या नाझकाच्या वाळवंटातील महाकाय आकृती केवळ आकाशातून नीट दिसतात, तेव्हा त्या आकाशातून येणाऱ्यांसाठीच असणार, हा विचार १९६८ नंतर जगभर पसरला, आणि कोकणातल्या चित्रांनाही तो चिकटवला जातो. नाझकाच्या लोकांनी वरचे गडद दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली, आणि तिथल्या रेषांजवळ सापडलेली खापरे त्यांच्याच मातीकामाशी जुळतात. मोठा आकार कसा आखला असेल, हे तर आपल्याकडचा कोणताही गवंडी सांगेल. घराचा पाया आखताना तो खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो, फक्की मारतो आणि वर न चढताही काटकोन अचूक साधतो. १९८२ मध्ये जो निकेल या अमेरिकी संशोधकाने काही मदतनिसांसह, दोरी आणि खुंट्या वापरून, नाझकाच्या एका पक्ष्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती शेतात आखून दाखवली. असे असताना परग्रहावरचा कर्ता शोधणे म्हणजे ज्यांनी उन्हात गुडघे टेकून कातळ फोडला त्यांच्या हातचे श्रेय हिरावून घेणे आहे, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारत शेकडो चित्रे नोंदवली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तरीही जांभा हा चिऱ्याचा दगड असल्याने खाणींची धास्ती आहेच. एकदा चिरे काढले की चित्रही गेले.

आपल्यापैकी कोणी जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जा, गावातला माणूस सोबत घ्या, आणि छायाचित्र उठावदार यावे म्हणून रेषांत खडू किंवा रंग भरू नका. सूर्य कलला की त्या रेषा आपोआप दिसू लागतात.

नमस्कार.