बॉबिन भरण्याचा हक्क

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या कपाटात एक शर्ट आहे. तो शिवायला मला तीन रात्री लागल्या आणि अंगात तो राहिला जेमतेम दहा सेकंद. उभी कॉलर, कॉलरच्या कडेने बारीक पायपिंग, खिशावर हाताने भरलेला छोटासा मासा. थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता. घरात समारंभ होता, आणि पोराने आईच्या हातचं काहीतरी घालून मिरवावं अशी माझी फार हौस. हात बाह्यांत गेले, पहिलं बटण लागलं आणि तो असा किंचाळला की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. दोन बटणं तुटून उडाली. शर्ट जमिनीवर, पोर टेबलाखाली, आणि मी मधोमध उभी, हातात टाचण्यांची डबी.

खरं सांगते, त्याला काय झालं असेल हे त्या क्षणी मला सुचलंच नाही. माझी पायपिंग उसवली, तेच आधी दिसलं.

माझी दोन मुलं. थोरला आता बारा वर्षांचा, धाकटी नऊची, दोघंही ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न. आणि मी कपडे शिवते. हौस म्हणून सुरुवात केली, मधली काही वर्षं त्यावर चार पैसे मिळवले, आता पुन्हा हौसच. ही दोन कामं एका घरात कशी नांदतात, त्याबद्दल आज बोलायचं आहे. अगदी गुण्यागोविंदाने नांदतात असं मात्र समजू नका.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी शर्ट उलटा केला आणि आतली बाजू मनगटाच्या नाजूक कातडीवरून फिरवली. मग गालावरून, मग ओठांवरून. बाहेरून देखणा असलेला शर्ट आतून नुसती करवत होता. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओव्हरलॉकच्या दोऱ्यांची कडक कड, कॉलरमध्ये ताठ बकरम, माशाच्या मागे गाठींचं रान. कॉलर पक्की करायला मी पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरला होता आणि त्याचं तोडलेलं टोक मानेत सुईसारखं घुसत होतं. मला शिवण शिकवणाऱ्या बाई आमचं काम नेहमी उलटं करून तपासायच्या. पण त्या बघायच्या सफाई. आतली बाजू कुणाच्या तरी अंगाला रात्रंदिवस घासणार आहे, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तिथून आजच्या ऑटिझमच्या निदानाची वाट सुरू होते. पण स्पर्श, आवाज, उजेड असह्य होणं, किंवा उलट त्यांची जाणीवच कमी असणं, ही गोष्ट अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत एक स्वतंत्र निकष म्हणून मांडली गेली ती 2013 मध्ये. मधल्या सत्तर वर्षांत किती पोरांनी अंगातले कपडे ओढून काढले असतील आणि हट्टी म्हणून धपाटे खाल्ले असतील! टेंपल ग्रँडिन हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि गुरांच्या वर्तनाच्या अभ्यासक म्हणून जगभर ओळखल्या जातात. लहानपणी अंगाला टोचणाऱ्या पेटीकोटांबद्दल त्या मोठेपणीही सांगत आल्या आहेत. आणि गंमत बघा, त्याच टेंपलबाईंनी तरुणपणी स्वतःसाठी एक यंत्र बनवलं होतं, दोन्ही बाजूंनी अंगाला घट्ट दाबून धरणारं. टोचलेलं सोसत नाही, पण दाबलेलं हवंसं वाटतं. माझ्या घरी या दोन गोष्टी दोन पोरांनी वाटून घेतल्या आहेत.

थोरल्यासाठी आधी मी फ्रेंच शिलाई करून पाहिली. शिवणाऱ्यांना माहीत आहे: सुलट बाजू बाहेर ठेवून पहिली अरुंद टीप मारायची, जास्तीची कड कातरायची, कापड पलटायचं, आणि ती कड आत कोंडून दुसरी टीप. दोरे सुटत नाहीत, आतून स्वच्छ दिसतं. मी खूश. तो नाही. कारण फ्रेंच शिलाईने एक उंचवटा तयार होतो, आणि त्याला तो उंचवटा दोऱ्यांपेक्षाही जास्त खुपला. मग जीनच्या पँटीला असते तशी सपाट दुहेरी टीप घालून पाहिली. ती बरी. शेवटी एकदा वैतागून मी सगळ्या शिलायाच बाहेर काढल्या. आत काहीच नाही, नुसतं गुळगुळीत कापड. बाहेर दिसणाऱ्या कडा लपवायच्या तरी कशाला, म्हणून त्यांवर गडद केशरी दोऱ्याने टीप मारली. तो शर्ट त्याने दिवसभर घातला. बाहेर लोक विचारायला लागले, ही नवी फॅशन का? मी हो म्हणून टाकलं.

माझं हे मत बऱ्याच शिंप्यांना पटत नाही, पण सांगते. अंगाला सोसेल असा कपडा बेतायला बसलं की डोकं जास्त चालतं. कॉलर ताठ करायची नाही, अस्तर घालायचं नाही, गळ्याला पट्टी लावायची नाही. मग उरतं काय? उरतो कापडाचा पडेल तसा पडणारा झोळ, रंग, आणि कुठे कापायचं हा एक निर्णय. पूर्वी मी चुकलेला बेत लेस लावून झाकायची. आता ती सोयच राहिली नाही.

विकतच्या कपड्यांबद्दल एकच सांगते. मागचं लेबल कातरीने कापू नका. शिलाईत अडकलेला जो इवलासा तुकडा मागे राहतो, तो अख्ख्या लेबलापेक्षा वाईट टोचतो. टाके एकेक करून उसवा आणि दोऱ्याचे बारके तुकडे चिमट्याने वेचून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

थोरल्याला शर्ट पसंत पडला खरा, पण एकच. तोच. म्हणून मी त्याच कापडाचे, त्याच रंगाचे सात शर्ट शिवले. आमच्याकडे येणाऱ्यांना वाटतं, हा रोज एकच शर्ट घालतो. वाटू दे. कटकट वेगळीच आहे: मूल वाढतं. दर काही महिन्यांनी तोच शर्ट थोडा मोठा शिवायचा, आणि तो मोठा झालाय हे त्याला जाणवता कामा नये. छाती एका वेळी एक सेंटिमीटर वाढवते, बाही पुढच्या खेपेला. नवा शर्ट जुन्यांबरोबर चार वेळा धुते, म्हणजे खळ जाते आणि वासही सारखा होतो. मग तो तीन दिवस त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवायचा, एक अक्षर न बोलता. एकदा ते कापड यायचंच बंद झालं. त्या महिन्याबद्दल मी काही सांगणार नाही. तेव्हापासून कापड मीटरवर आणत नाही, थान उचलते.

धाकटीची तऱ्हा उलटी. सैल कपडा तिला अंगावर असल्यासारखाच वाटत नाही. ती पलंग आणि भिंत यांच्यामधे शिरून बसायची, गादीखाली झोपायची. तिला मी लायक्राचे घट्ट बनियन शिवते, तेही अंगावर वळ उठणार नाहीत इतपतच घट्ट. वजनदार पांघरूणही शिवलं. आत छोटे छोटे चौकोनी कप्पे आणि प्रत्येकात काचेचे बारीक मणी, म्हणजे सगळं वजन एका कोपऱ्यात गोळा होत नाही. या पांघरुणांबद्दल फार बोलबाला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. 2014 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात 67 ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास आला होता. वजनदार पांघरुणाने त्यांच्या झोपेचे तास काही वाढले नाहीत. मात्र साध्या पांघरुणापेक्षा मुलांनी आणि पालकांनी तेच जास्त पसंत केलं. आमच्याकडेही तसंच झालं: झोपेची बोंबच आहे, पण पांघरूण तिचं लाडकं. वजन किती ठेवायचं ते तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, सांगितलं. मुलाला ते स्वतःच्या हाताने बाजूला सारता आलं पाहिजे, आणि तान्ह्या बाळावर असलं काही घालायचंच नाही.

आता वेळेचं. तो मिळत नाही. मशीनची घरघर थोरल्याला सहन होत नाही, तेव्हा मशीन चालतं ते फक्त तो शाळेत असताना. कापड बेतणं आणि कापणं रात्री, कारण जमिनीवर पसरलेला कागद दिवसा टिकणं शक्य नाही. थेरपीच्या खोलीबाहेर बसून काज, हुक आणि हातशिलाई. प्रत्येक कपड्याचे मी तुकडे पाडले आहेत, कापडाचे नव्हे, कामाचे. एका पिशवीत बाही, तिचा दोरा, तिची सुई आणि पुढची पायरी लिहिलेली चिठ्ठी. पंधरा मिनिटं मिळाली की पिशवी उघडायची. चिठ्ठी फार महत्त्वाची, कारण मेल्टडाऊननंतर, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्यानंतर, आपलंच डोकं इतकं रिकामं झालेलं असतं की डावी बाही कोणती, हेही आठवत नाही.

मी ऑर्डरी घ्यायची तेव्हा ही पद्धत नव्हती. एका मुलीचा साखरपुड्याचा पोशाख होता, आणि नेमक्या त्या आठवड्यात आमच्याकडे तीन दिवस कुणी झोपलं नाही. पोशाख दिला, पण आदल्या रात्री, आणि खालची कड नुसत्या कच्च्या टाक्यावर. ती बिचारी काही बोलली नाही. मला मात्र तो धावदोरा अजून आठवतो. त्यानंतर तारखेची ऑर्डर घेतली नाही.

सुयांचं सांगायलाच हवं. टाचण्या मोजून काढते, मोजून ठेवते. वीस काढल्या तर वीस परत. एकोणीस झाल्या की जमिनीवर लोहचुंबक फिरवायचं, स्वयंपाक राहिला तरी चालेल. काम संपलं की मशीनची पिन भिंतीतून काढते. आणि लोहचुंबकाची बटणं मुलांच्या कपड्यांना मी कधीच लावत नाही. सोपी वाटतात, पण सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाने अशी दोन गिळली, तर आतड्याची वेटोळी मधे पकडून ती एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेवर वेळ येते. त्यापेक्षा मोठं साधं बटण आणि थोडं ढिलं काज बरं. बटण लावायला शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवावी: काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण मुलाने फक्त ओढायचं. लागलं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, वा, मुलांसाठी किती करतेस! हे ऐकून पूर्वी बरं वाटायचं. हल्ली जरा खटकतं. मागच्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी एक कोट शिवायला घेतला. लाल, पाठीला अकरा चुण्या, बाह्या उगाचच रुंद. कुणाच्याच काही उपयोगाचा नाही. तेव्हा त्याच लोकांनी विचारलं, ‘एवढा वेळ मिळतो तुला?’ म्हणजे सपाट टीप मारायला वेळ काढला तर मी थोर, आणि चुण्या घालायला काढला तर मी बेजबाबदार. वेळ तोच, पंधरा मिनिटांचा. पिशवीही तशीच. तुमच्याकडे असं मूल असेल आणि तुम्हाला एखादा निरुपयोगी कोट शिवावासा वाटत असेल, तर त्याला थेरपीचं नाव द्यायच्या भानगडीत पडू नका. मी दिलं होतं. ‘याने माझं मन शांत राहतं, मग मुलांशी नीट वागता येतं,’ असं सगळ्यांना पटवत फिरायची. खोटं आहे ते. चुणी तिरकी बसली तर मी महा चिडचिडी होते. मला चुण्या आवडतात, एवढंच.

तशीच दुसरी चूक धाकटीच्या बाबतीत केली. तिला मशीन आवडतं. घरघर तिला हवीशी वाटते, टेबलाला गाल लावून बसते. मला वाटलं, चला, हिला शिवण शिकवू. बोटांना व्यायाम, लक्ष एकाग्र होणं, शिवाय पुढे हाताला काम. दोन महिने मी तिच्या हातात सुई देत होते आणि ती खाली ठेवत होती. तिला हवं होतं वेगळंच. बॉबिन म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ. ती भरताना दोरा सरसर फिरत जातो, पोट फुगत जातं, आणि काठोकाठ आलं की टक्कन थांबतं. तेवढंच. मी व्यायामाचा नाद सोडला. आता आमच्या घरात बॉबिन भरायचा हक्क तिचा आहे, मलासुद्धा विचारावं लागतं. मी बसते तिच्या शेजारी, सुईपासून तिचा हात लांब आहे ना एवढं बघत.

कोट अजून पुरा झालेला नाही. पाठ झाली, चुण्या बसल्या, उद्या शाळेच्या वेळात बाही जोडायची आहे. बॉबिन भरून तयार आहे. फक्त कोट लाल आहे आणि तिने दोरा भरलाय निळा. बदलू का, म्हणून विचारलं, तर बॉबिन मुठीत घट्ट धरून ठेवली. मुंढ्याच्या आत निळी टीप दिसेल थोडी. दिसू दे.

नमस्कार.