पानं नाही, चपला मोजायच्या

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. मघाशी ओळख करून देताना मला ‘नाशिकच्या सुप्रसिद्ध निर्मात्या’ म्हटलं. नाशिकची हे खरं. सुप्रसिद्धचं म्हणाल, तर पंचवटीत मी अजून आचाऱ्याची मुलगीच आहे. आणि धंद्याचं शिक्षणही तिथेच झालं, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, भट्ट्यांच्या धुरात.

बाबा लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायचे. यजमान सांगायचा, ३०० पानं. बाबा मान डोलवायचे आणि मुहूर्ताच्या तासभर आधी मला पिटाळायचे, “जा गं, चपला मोजून ये.” यजमानाचा आकडा कधी हौसेचा, कधी हात आखडलेला, चपलांचा मात्र खरा. मी नऊ वर्षांची, दाराशी बोट फिरवत एकेक जोड मोजतेय, तेवढ्यात कुणी काका पान खायला म्हणून आपला जोड घालून निघायचे, की झालं, पुन्हा पहिल्यापासून! आत येऊन सांगायची, “४१० आहेत.” बाबा काही न बोलता भाताचं दुसरं पातेलं चढवायचे.

निर्माता म्हटलं की लोकांना बोटात अंगठ्या घातलेला पैसेवाला दिसतो. अहो, आमच्याकडे पैसे कुठले? देणी असतात. रोजच्या मालिकेचं गणित सांगते. चॅनल आम्हाला दर भागामागे ठरावीक रक्कम देतं, तीही भाग हातात पडल्यावर, आणि कधी कधी तीन-तीन महिन्यांनी. लाइटवाला, स्पॉटदादा, जनरेटरवाला, मेकअपवाला यांना मात्र रोजच्या रोज किंवा आठवड्याला द्यावे लागतात. मधलं अंतर आम्ही व्याजाने भरून काढतो. मालिका चालली तर तिचे हक्क बहुतेक वेळा चॅनलकडे, खर्च वाढला तर तो आमच्या अंगावर. लग्न त्यांचं, तेल आपलं! गुरुवारी टीआरपी येतो, त्या दिवशी सकाळपासून युनिटमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. कथेला अनपेक्षित वळण लागलं की समजावं, मागचा गुरुवार वाईट गेला.

आमच्या नाशिकला हे नवीन नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकला जन्मले, हे इथल्या मुलांनाही पाठ असेल. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झाला, १९१३ साली. त्यानंतर ते बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन नाशिकला आले आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके रामही झाले आणि सीताही.

पण मला विचाराल, तर त्या घरातली निर्माती म्हणजे दादासाहेबांची बायको, सरस्वतीबाई. दागिने गहाण टाकायला तयार झाल्या, हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठ्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक, सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्या करत. दुसरी, तेव्हा विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात, हाताने पाडावी लागत. दिवसभर चूल, उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं आणि रात्री अंधारात बसून भोकं पाडणं. एक भोक हुकलं की फिल्म कॅमेऱ्यात अडकणार आणि दिवस वाया जाणार. हे आमचं काम. फरक इतकाच, की मला श्रेयनामावलीत नाव मिळतं.

दादासाहेबांची पुढची कहाणी कुणी मिरवत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. १९१८ साली भांडवलदार भागीदार मिळाले आणि नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ झाला, ‘कालिया मर्दन’ झाला, त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होती. मग खर्चावरून खटके. भागीदारांना हिशेब हवा, यांना हवा तसा शॉट हवा. सगळं सोडून ते काशीला गेले, नाटक लिहिलं आणि काही वर्षांत परत आले. बोलपट आल्यावर ‘गंगावतरण’ हा शेवटचा सिनेमा, १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी सुरू झाला. तरुण मुलं मला विचारतात, या क्षेत्रात करिअर कसं आहे. मी त्यांना ही कहाणी सांगते आणि म्हणते, आधी हिशेब लिहायला शिका.

माझी फजिती सांगू? श्रावणात गोदाघाटावर शूटिंग लावलं. सून नदीत दिवा सोडते, सासू येऊन बोलते, असा साधा सीन. मागे नदीपात्रात उभी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. अर्धा सीन पहिल्या दिवशी झाला, पॅकअप. घाटावरच्या फुलवाल्याला आमच्या युनिटचा चहा रोज जायचा. संध्याकाळी तो म्हणाला, “ताई, सामान वर घ्या, धरणातून पाणी सोडतायत.” ट्रॉलीचे रूळ, लाइट, सगळं रात्रीत वर चढवलं. सकाळी बघते तर मारुतीच्या छातीला पाणी! नाशिककरांना पूर सांगायला मीटर लागत नाही, मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला एवढं म्हटलं की पुरे. पण माझी पंचाईत बघा. सून बोलतेय तेव्हा मारुतीचे पाय कोरडे आणि सासू उत्तर देतेय तेव्हा देव छातीपर्यंत बुडालेला. सहा वाजता लेखकाला उठवलं. त्याने चार वाक्यं बदलली. सासू रात्रभर घरी वाट बघते आणि पहाटे घाटावर येऊन म्हणते, “पाणी चढलं तरी तू इथेच?” त्या आठवड्यात सगळ्यांना आवडलेला सीन तोच. दिग्दर्शकाने मुलाखतीत ती कल्पना आपली म्हणून सांगितली. सांगू दे. फुलवाल्याचा चहा मी अजून चालू ठेवलाय.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग थांबलं तेव्हा तर गोवा, सिल्वासा, जिथे परवानगी मिळेल तिथे युनिटं पळाली. हातात तयार भाग पाच-सहाच असायचे. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. सत्तर माणसांच्या रोज नाकात काडी घालून घेणं आणि तरीही वेळेवर भाग पोचवणं, एवढंच आठवतं.

आणखी एक. १९१४ साली फाळके आपले सिनेमे घेऊन लंडनला गेले होते. तिथे कौतुक झालं, तिथेच राहून सिनेमे करायचं आमंत्रणही मिळालं. ते परतले, आणि तिकडे युद्ध पेटलं, इकडे पैसा आटला. तुमच्यासमोर हे सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय, कारण तुम्ही राहिलात आणि बरं केलंत. त्यांनी राहायला हवं होतं की नको, मला आजही ठरवता येत नाही. राहिले असते तर सरस्वतीबाईंना निदान भोकं पाडलेली फिल्म मिळाली असती.

बरं, आवरते. जेवणाची वेळ झाली. अध्यक्षबाईंना मघाशी विचारलं, ताटं किती सांगितलीत? म्हणाल्या, १६०. इथे थंडीत कुणी दाराशी चपला काढत नाही, म्हणून मी येताना बाहेर टांगलेले कोट मोजले. १९२ आहेत. तेव्हा कुणीतरी आत जाऊन दुसरं पातेलं चढवायला सांगा, आणि तोवर पुऱ्या जरा हळू वाढा.