गर्दी न्यायाला बसते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज १९३१ सालच्या एका जर्मन बोलपटाबद्दल बोलतो. नाव एकाच अक्षराचं, 'एम'. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग. शहरात लहान मुलींचे खून होतायत, खुनी सापडत नाही. खून पडद्यावर दिसत मात्र नाही. आई जिन्यात उभी राहून आपल्या मुलीला, एल्सीला, हाका मारते. टेबलावर तिची रिकामी ताटली आणि वरच्या तारांत अडकलेला तिचा फुगा, एवढंच आपल्याला दिसतं.

पण मला खरी धास्ती वाटते ती शहराची. एका मुलीनं रस्त्यात वेळ विचारली, म्हाताऱ्यानं सांगितली, तेवढ्यावरून लोक त्याला घेरतात. रोज एकत्र बसणारे मित्र एकमेकांवर संशय घेऊ लागतात. पोलिसांच्या धाडींनी धंदा बसला म्हणून गुन्हेगारांच्या टोळ्याही खुन्याच्या मागावर निघतात. इथे लँग कमाल करतो. पोलिसांची बैठक आणि टोळ्यांची बैठक, दोन्हीकडे तोच सिगारेटचा धूर. एकीकडे सुरू झालेला हातवारा दुसरीकडे पूर्ण होतो. कोण कुठल्या बाजूचा, हे क्षणभर कळेनासं होतं.

शेवटी बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यात टोळ्यांचं 'न्यायालय' भरतं. अध्यक्ष श्रेंकर, ज्याला स्वतःलाच पोलीस खुनांसाठी शोधतायत. पीटर लॉरे यांनी रंगवलेला, पकडून आणलेला खुनी बेकर्ट ओरडून सांगतो, मला आवरत नाही, माझाच पाठलाग मीच करतोय. त्याचा वकील म्हणतो, आजारी माणूस डॉक्टरच्या हवाली करा, जल्लादाच्या नाही. गर्दी हसते. त्या मुलींच्या आयांचा आक्रोश खरा आहे, म्हणून तर हा प्रसंग इतका अवघड होतो. तरीही मी त्या वकिलाच्याच बाजूचा. इतक्या घृणास्पद माणसालाही जो कायदा पाठीशी घालत नाही पण वाऱ्यावरही सोडत नाही, तोच कायदा.

हे सगळं कधी, तर १९३०च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या, त्यानंतर काही महिन्यांनी. सत्तेवर आल्यावर १९३४ साली त्यांनी चित्रपटावर बंदी घातली. लॉरे ज्यू होते, १९३३ मध्येच ते देश सोडून गेले. आणि १९४० साली त्याच नाझींनी बेकर्टच्या त्या कबुलीजबाबाचा तुकडा कापून ज्यूविरोधी प्रचारपटात लावला. ठार मारण्याच्या विरोधात उभा केलेला प्रसंग त्यांनी द्वेष पेटवायला वापरला.