मधोमध म्हणजे किती स्पेस?

(सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘जिद्द’ हा शब्द इतक्या वेळा वापरला, की मी एव्हरेस्टवरून थेट इथे आले की काय असं मलाच वाटायला लागलं. मी वर्डमध्ये फाइली तयार करते. भाषांतराचं काम करते, प्रकाशकाला फाइल द्यावी लागते आणि ती नीटनेटकी दिसावी लागते. ती मला दिसत नाही, एवढीच काय ती गोष्ट आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. वेळ संपत आली की वक्त्याच्या हातात चिठ्ठी सरकवायची, अशी या वाचनालयाची परंपरा आहे म्हणे. माझ्या बाबतीत चिठ्ठीने काहीच साधणार नाही हे कार्यवाहांच्या आज दुपारी लक्षात आलं. तेव्हा असं ठरलंय की ते टेबलावर टकटक करतील. एकदा केली की दहा मिनिटं राहिली, दोनदा केली की खाली बसायचं. (हशा) हसू नका, चिठ्ठीपेक्षा हे बरं आहे. चिठ्ठी न बघितल्याचं सोंग आणणारे वक्ते तुम्ही इथे पुष्कळ ऐकले असतील.

विषय आहे स्क्रीन रीडरच्या मदतीने मजकुराची मांडणी. पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. टेड हेंटर नावाचा एक अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू होता. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली, आणि पुढे त्याच्या कंपनीने १९८९ मध्ये जॉज नावाचं स्क्रीन रीडर बाजारात आणलं. तेव्हा ते डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालायचं. जॉज उत्तमच आहे, पण किंमत ऐकली की आपलं मन आपोआप ऑस्ट्रेलियाकडे वळतं. कारण तिथल्या मायकल करनने २००६ साली एनव्हीडीए हे दुसरं स्क्रीन रीडर लिहायला घेतलं, मग जेम्स टे त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. आणि त्यांनी ते जगाला फुकट दिलं. मी तेच वापरते. आज जे जे सांगेन ते एनव्हीडीए आणि वर्ड या जोडीबद्दल.

आता तुमच्या मनात असलेला प्रश्न मीच विचारते, कारण तो कुठेही गेलं तरी येतोच. ‘ताई, अक्षर ठळक आहे हे तुम्हाला कसं कळतं?’ मी विचारते म्हणून कळतं! इन्सर्ट दाबून धरायचं आणि एफ दाबायचं. लगेच उत्तर येतं: फॉण्ट अमुक, आकार १४ पॉइंट, बोल्ड, परिच्छेद मधोमध, स्टाइल अमुक. मी स्वतः कंट्रोल-बी दाबलं तर ‘बोल्ड ऑन’ असं तिथल्या तिथे कानावर पडतं. कंट्रोल-ई दाबून मजकूर मधोमध आणला तर तेही बोललं जातं. त्यामुळे ‘बिचारीला कसं जमत असेल’ हा भाग इथेच संपला. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही पानाचं रूप बघता, मी फाइलच्या पोटात काय लिहिलंय ते ऐकते. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेलच असं नाही. हे मला आमच्या सोसायटीने शिकवलं.

आमची सोसायटी कोथरूडला. सेक्रेटरींचं नाव घेत नाही, कारण ते इथे आले असावेत अशी मला दाट शंका आहे. मघाशी एक खोकला फार ओळखीचा वाटला. (हशा) तर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी त्यांनी मला अहवालाची फाइल पाठवली. ‘ताई, जरा शुद्धलेखन बघा, ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघू शकता.’ मी उघडली. ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडलीय हे बोलून दाखवायची सोय एनव्हीडीएत आहे, ती मी चालू ठेवते. पहिलीच ओळ: ‘सत्तेचाळीस स्पेस, वार्षिक अहवाल’. पुढची ओळ: ‘छत्तीस स्पेस, सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’. मग ‘ब्लँक’. ‘ब्लँक’. ‘ब्लँक’. रिकामी ओळ आली की एनव्हीडीए ‘ब्लँक’ म्हणतं. दुसऱ्या पानावर जायचं तर माणसाने कंट्रोल-एंटर दाबावं की नाही? यांनी पान भरेपर्यंत एंटर मारला होता. मी खाली जाण्याचा बाण दाबतेय आणि कानात तो एकसुरी आवाज, ब्लँक, ब्लँक, ब्लँक. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, ‘अगं, त्या बाईला काहीतरी खायला दे.’

छापलं तर तो अहवाल देखणा होता, हे मला नंतर चार जणांनी सांगितलं. असेल. पण मग खजिनदारांना आठवलं की पाण्याच्या टाक्या धुतल्या त्याचा उल्लेख राहिला. ती एक ओळ मी पहिल्या पानावर घातली आणि फाइल परत पाठवली. त्या एका ओळीने पुढचं सगळं सरकवलं. ‘लेखापरीक्षकांचा शेरा’ हे शीर्षक एका पानाच्या तळाशी आणि शेरा पुढच्या पानावर. सह्यांची जागा एकटीच शेवटच्या कोऱ्या पानावर. रात्री फोन. ‘ताई, तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं. तुमचा दोष नाही, दिसत नाही म्हटल्यावर व्हायचंच.’

हे वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलंय. ‘दिसत नाही म्हटल्यावर व्हायचंच.’ अहो, दिसतं म्हणूनच तर झालं! ज्याला दिसतं तो डोळ्यांना बरं वाटेपर्यंत स्पेसबार दाबतो. स्पेसची रुंदी फॉण्टवर आणि अक्षराच्या आकारावर ठरते. फॉण्ट बदलला, दुसऱ्या कम्प्युटरवर तो फॉण्टच नसला, की सत्तेचाळीस स्पेसचं मधोमध पार कडेला जाऊन बसतं. कंट्रोल-ई दाबलं असतं तर ‘हा परिच्छेद मधोमध’ अशी नोंद फाइलीत झाली असती आणि फॉण्ट कोणताही आला तरी शीर्षक जागचं हललं नसतं.

आता सेक्रेटरींची बाजूही मांडते, नाहीतर घरी जाताना लिफ्टमध्ये गाठ आहे. त्यांची चूक नाही, त्यांच्या टायपिंग क्लासची आहे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस झालेले किती जण आहेत इथे? हात वर करा. केलेत? मग कोणीतरी मला सांगा की! (हशा) बरं, भरपूर आहेत म्हणतायत. तर तुम्हाला आठवत असेल, शीर्षक मधोमध आणायला टाइपरायटरची गाडी कागदाच्या मध्यावर आणायची, आणि शीर्षकातल्या दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस मारत मागे जायचं. मराठी यंत्रावर त्यातही भानगड. उकार, अनुस्वार मारला तरी गाडी पुढे सरकत नसे, म्हणून ते हिशेबात धरायचे नाहीत. हे खरोखर कौशल्याचं काम होतं. कागदाला लक्षात ठेवता येत नव्हतं, तेव्हा मधोमध म्हणजे मोजून सोडलेली जागा हेच खरं होतं. यंत्र गेलं, बोटं तीच राहिली. आज अप्पा बळवंत चौकाच्या आसपास टाइप करून देणाऱ्या दुकानात जाऊन उभे राहा, स्पेसबारचा आवाज ऐकू येईल. प्रबंध तयार होत असतात तिथे.

जाता जाता, टायपिंग क्लासबद्दल माझं मत अगदी वाईट नाही. कळांकडे बघायचं नाही ही तिथली पहिली शिस्त. डोळस मुलांनाही न बघता काम करायला लावणारा दुसरा वर्ग मला तरी माहीत नाही. कितीतरी अंध माणसं त्या जोरावर नोकरीला लागली. फक्त रिबन वाळलेली असली तर पानंच्या पानं कोरी जायची आणि टाइप करणाऱ्याला पत्ता नसायचा. टाइप केलेलं परत वाचता येणं, ही सोय स्क्रीन रीडरने...

(टकटक)

झाली का? अजून मूळ विषयाला हातच लागलेला नाही. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं स्टाइल. शीर्षक म्हणून ओळ मोठी केली, ठळक केली, तरी वर्डच्या लेखी ती साधी ओळच राहते. वरातीत फेटा बांधला म्हणून कोणी नवरदेव होत नाही. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा, ती हेडिंग १ होते. २ दाबलं की उपशीर्षक, ३ दाबलं की त्याच्या पोटातलं. परत साधा मजकूर हवा तर कंट्रोल-शिफ्ट-एन. रंगरूप आवडलं नाही तर स्टाइलमध्ये एकदा बदला, सगळी शीर्षकं एकदम बदलतात. आणि मला काय मिळतं? इन्सर्ट-स्पेस दाबून मी ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे टाइप न करता फाइलीत नुसतं फिरायच्या अवस्थेत जाते, एच दाबत गेले की शीर्षकावरून शीर्षकावर उडी. इन्सर्ट-एफ७ दाबलं की सगळ्या शीर्षकांची यादी. दोनशे पानी फाइलीत तुम्ही नजर फिरवता, मी एच फिरवते. तुम्हालाही फुकटात अनुक्रमणिका मिळते. वर्ड ती हेडिंगवरून बनवतो, पानं सरकली तर एफ९ दाबा, आकडे दुरुस्त.

दोन परिच्छेदांत अंतर हवं तर एंटर नको. कंट्रोल आणि शून्य दाबा, परिच्छेदाआधी जागा सुटते. नवीन पान कंट्रोल-एंटर. कुठून तरी चिकटवलेला मजकूर विचित्र वागत असेल तर तो निवडून कंट्रोल-स्पेस, अक्षरांवरचे वरवरचे संस्कार उतरतात. कंट्रोल-क्यू, परिच्छेदावरचे उतरतात.

मराठीसाठी वेगळं. फॉण्टच्या चौकटीत, म्हणजे कंट्रोल-डी, लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट असे दोन वेगळे रकाने असतात. देवनागरी दुसऱ्यात येते. वरचा आकार बदलून ‘मराठी मोठं होत नाही’ म्हणून वर्डला शिव्या देऊ नका. आणि यूनिकोडमध्येच लिहा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तुम्हाला ‘निमंत्रण’ दिसतं, माझ्या कानावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा पडतो. यूनिकोडचा पहिला मानक १९९१ चा, आता सबब पुरे झाली.

तक्ते. सुबक दिसावं म्हणून चौकटी एकमेकींत मिसळू नका, कोणता आकडा कोणत्या रकान्यातला ते मला लागत नाही. मथळ्याच्या ओळीला ‘हेडर रो’ म्हणून खूण करा. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर द्या, एक वाक्य पुरे, आणि त्या वाक्याची सुरुवात ‘हे एक चित्र आहे’ अशी करू नका, चित्र आहे ते एनव्हीडीए सांगतंच...

(टकटक, टकटक)

हो हो, शेवटचं. पीडीएफ. वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून जाऊ नका, ‘सेव्ह ॲज’मधून करा. तिथे ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची खूण असते, ती असू द्या, म्हणजे इतक्या कष्टाने केलेली हेडिंगं पीडीएफमध्येही माझ्यापर्यंत पोचतात. प्रिंटमधून काढलीत तर ती गळून जातात. आणि कार्यालयांची ती आवडती पद्धत, फाइल छापायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि तो फोटो परिपत्रक म्हणून पाठवायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२व्या कलमाने माहिती सुलभ स्वरूपात मिळेल हे बघायची जबाबदारी शासनावर टाकली आहे, पण तो विषय काढला तर कार्यवाह टेबल फोडतील. सही-शिक्का लागतोच, मान्य. तो स्कॅन जोडा, पण त्याच मेलमध्ये मूळ वर्डची फाइलही जोडा. लॅपटॉप आणलाय. ज्यांना एच दाबून बघायचंय ते खाली चपलांच्या कपाटापाशी भेटा, हा हॉल आपल्याला साडेसातला रिकामा करून द्यायचाय.