मिनिट की मायन्यूट?

नमस्कार श्रोतेहो. एम, आय, एन, यू, टी, ई. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द आला की मुलं बेधडक 'मिनिट' वाचतात आणि वाक्याचा अर्थच लागत नाही. तिथे वाचायचं 'मायन्यूट', जोर 'न्यूट'वर. अर्थ, अगदी बारीक. पुन्हा सांगते: वेळ असेल तर मिनिट, आकार असेल तर मायन्यूट.

गंमत अशी की मूळ शब्द एकच! बाबिलोनी लोक साठाच्या पटीत मोजायचे. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तीच रीत धरून वर्तुळाच्या अंशाचे ६० भाग पाडले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा ६०. लॅटिनमध्ये पहिल्या वाटणीला म्हणाले 'पार्स मिनुटा प्रिमा', म्हणजे पहिला बारीक भाग. पुढचीला 'पार्स मिनुटा सेकुंडा', दुसरा बारीक भाग. पहिल्या नावातलं 'बारीक' उरलं, ते मिनिट. दुसऱ्या नावातलं 'दुसरा' उरलं, तो सेकंद! आपल्याकडेही तसंच: अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. नाशिकमध्ये घरोघरी भिंतीवर पंचांग असतं. घड्याळ शिकवताना मुलांना घटका-पळंही शिकवायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत बारीकसाठी आणखीही शब्द आहेत. 'आयोटा', म्हणजे अगदी कणभर, हे मुळात ग्रीक अक्षराचं नाव. ते बहुधा नकारातच येतं, आपल्या 'तिळमात्र शंका नाही'सारखं. बाळाची बोटं 'टायनी', त्यात माया आहे. काचेतला तडा 'मायन्यूट'. 'मिनस्क्यूल' म्हणजेही अगदी बारीक; तो लिहिताना 'एन'नंतर यू, आय नाही. मायनस आठवा.

मायक्रो म्हणजे मात्र मोजलेला दशलक्षावा भाग. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, पाकिटावर 'एमसीजी' छापलेलं. 'एमजी', म्हणजे मिलिग्रॅम, वाचलंत तर चूक हजारपटीची! हजारपटीची, लक्षात ठेवा. हाच दशलक्षावा भाग द्राक्षबागेत पीपीएम नावाने भेटतो. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढ-संजीवक, १० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम, २०० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम. चमच्याने अंदाज नको, ग्रॅमच्या काट्यावर तोला. आणि ही पावडर पाण्यात नीट विरघळत नाही; आधी थोड्या स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवा, मगच ड्रममध्ये ओता.