वायर मधून तोडा

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाला तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलंय? एक तार छेडायची, तिच्याखालचं सूत घोडीवर केसभर सरकवायचं, पुन्हा छेडायची. तेवढा वेळ बाकीच्या तीन तारांना हात लावायचा नाही. चारही तारा एकदम छेडून "कुठंतरी खरखरतंय" म्हणणाऱ्याला ते काम जमत नाही. आज मी लॅपटॉपमधल्या तंबोऱ्याबद्दल बोलणार आहे, पण बिघाड शोधायची रीत मी त्या गल्लीतूनच उचलली आहे.

आवाज घडवायला मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे प्युअर डेटा. मिलर पकेट यांनी 1980 च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स नावाचं असंच सॉफ्टवेअर केलं आणि पुढच्या दशकात प्युअर डेटा. हे फुकट आहे, म्हणून आपल्यासारख्यांना परवडतं. यात प्रोग्रॅमच्या ओळी टाइप करत बसायचं नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते वायरींनी जोडायचे. या मांडणीला पॅच म्हणतात. वायरी दोन जातीच्या असतात. जाड वायरीतून आवाज वाहतो, तो अखंड. बारीक वायरीतून निरोप जातात, तेही कुणी धाडले तरच. "आवाज येत नाही" ही तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, जाड वायर मेली की बारीक? उत्तर सहसा येत नाही, कारण तसं कुणी बघितलेलंच नसतं.

आधी जाड वायर. प्युअर डेटा आवाजाचे 64 नमुने एका वेळी मोजतं. सेकंदाला 48000 नमुने धरले तर असा एक घास 1.33 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 750 घास. हिशेब मागे पडायला लागला की साउंड कार्डाकडे वेळेवर काही पोचत नाही आणि टक्‌टक् ऐकू येते. यावर ऑडिओ सेटिंगमधला डिलेचा आकडा वाढवतात. त्याने टक्‌टक् थांबते, पण कळ दाबल्यापासून सूर निघेपर्यंतचं अंतरही वाढतं. तंबोऱ्याला ते चालेल, तबल्याच्या बोलांना नाही. मात्र प्रत्येक टक्‌टक् याच कारणाची नसते. चार तारांचे आवाज पूर्ण जोरात एकत्र केले की बेरीज चारपर्यंत जाते आणि बाहेर पडण्याची मर्यादा आहे उणे एक ते अधिक एक. वरचं सगळं कापलं जातं आणि सूर फाटतो. तिथे डिले कितीही वाढवा, काही होणार नाही. बेरजेला 0.2 ने गुणा, फाटणं बंद.

एक गंमत सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग पॅचमध्ये घातलं. काळी एकचा तंबोरा, षड्ज साधारण 138.6 हर्ट्झ. गायिका बसली आणि म्हणाली, "अरे, हा चढलाय." पोराने दोन तास प्रत्येक चौकोन तपासला. फाईल होती सेकंदाला 44100 नमुन्यांची आणि प्युअर डेटा चालत होतं 48000 वर. फाईल जशी आहे तशी वाचली जाते, दर आपोआप बदलून घेतला जात नाही. त्यामुळे षड्ज गेला 151 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकलेला. पॅचमध्ये काडीची चूक नव्हती. आणि हे गायिकेच्या कानाने पकडलं, पोराच्या डोळ्यांनी नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आता बारीक वायर, आणि ती जेव्हा भिंतीपलीकडे जाते तेव्हा. मोबाईलवरून लॅपटॉपला निरोप धाडायचे तर ते बहुतेक यूडीपीने जातात. यूडीपी म्हणजे कृष्णेच्या या काठावरून सांगलीवाडीच्या दिशेने मारलेली हाक. पलीकडे कुणी उभं आहे की नाही, हे हाक मारणाऱ्याला कळतच नाही. टीसीपी म्हणजे फोन, समोरून कुणी उचलल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. म्हणून यूडीपीत बिघाड झाला की तक्रार दिसत नाही, नुसती शांतता.

याच शांततेने माझी फजिती केली. एका नाटकाच्या तालमीत मी विंगेत मोबाईल घेऊन उभा, लॅपटॉप स्पीकरजवळ. खूण झाली, मी बटण दाबलं, काही नाही. आवाज नाही म्हणजे आवाजातच घोळ, असं धरून मी तासभर केबल बदलल्या, साउंड कार्ड काढून घातलं, पॅचमधले निम्मे चौकोन पुन्हा जोडले. दिग्दर्शक शांतपणे चहा पीत होता, ते जास्त लागलं.

शेवटी केलं ते पहिल्या मिनिटात करायला हवं होतं. वायर बरोबर मधोमध तोडली. नेटवर्कवरून आलेले निरोप घेणाऱ्या नेटरिसीव्ह या चौकोनाला प्रिंट जोडलं, म्हणजे आलेला निरोप खिडकीत छापणारा चौकोन. मोबाईलचं बटण दाबलं तर खिडकीत एक अक्षर उमटेना. म्हणजे पुढचा आवाजाचा सगळा भाग बाजूला काढता आला. मग त्याच लॅपटॉपवरून स्वतःलाच, 127.0.0.1 या पत्त्यावर, निरोप धाडला. तो लगेच उमटला. म्हणजे पॅचही बरा, पोर्टही, म्हणजे निरोप ज्या दाराने आत येतात त्याचा नंबरही, बरोबर. उरला फक्त मोबाईल आणि लॅपटॉप यांच्यातला रस्ता. लॅपटॉपचा पत्ता बघितला तर 192.168.43 ने सुरू होणारा. आदल्या दिवशी कुणाच्या तरी हॉटस्पॉटला जोडला होता, तो आज आपण होऊन पुन्हा त्यालाच चिकटला होता. मोबाईल मात्र हॉलच्या वाय-फायवर, जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. तीन तपासण्या, पाच मिनिटं.

पत्ता बरोबर असूनही निरोप अडतात, त्याची नेहमीची ठिकाणं दोन. एक म्हणजे विंडोजची फायरवॉल, पहिल्यांदा विचारते तेव्हा आपण घाईत "नको" म्हणतो. दुसरं, पाहुण्यांसाठीचं वाय-फाय. त्यात इंटरनेट सगळ्यांना मिळतं, पण बऱ्याचदा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. आणि निरोप पोचतोय पण कचरा दिसतोय, असं झालं तर मोबाईल ओएससीत, म्हणजे संगीताच्या उपकरणांच्या निरोपांच्या बायनरी भाषेत, बोलतोय आणि नेटरिसीव्ह साधा मजकूर समजून वाचतोय. त्याला बायनरीचा बी लावा, पुढे ती भाषा उलगडणारा ओएससीपार्स हा चौकोन जोडा.

लय मात्र वाय-फायवरून धाडू नका. निरोप कधी लगेच, कधी रेंगाळत येतात. ठेका लॅपटॉपच्याच मेट्रोवर, म्हणजे ठरावीक अंतराने टिकटिक करणाऱ्या चौकोनावर, ठेवा, मोबाईलवरून फक्त "सुरू", "थांब" आणि वेग धाडा.

त्या प्रयोगाला मी घरचा जुना राउटर घेऊन गेलो. इंटरनेट जोडलेलंच नाही, लॅपटॉपला पत्ता कायमचा बांधून दिलेला. मेकअपवाल्या मुलाने नवं वाय-फाय दिसतंय म्हणून पासवर्ड मागितला. दिला. दोन मिनिटांनी परत आला, "सर, तुमचं नेट चालत नाही." म्हटलं, "बरोबर आहे."